एक ते चार

माझ्या हातून लिहिलं गेलेलं आणि सर्वांत जास्त लोकांनी वाचलेलं वाक्य कुठल्या पुस्तकात नाही. ते संगणकाच्या पडद्यावर येणाऱ्या एका राखाडी चौकटीत होतं आणि त्याखाली ‘ठीक’ एवढं एकच बटण होतं. ‘एक ते चार केंद्र बंद असते. आपली घाई आपल्यापाशी ठेवावी. चार वाजता दोघेही या.’ दोघेही म्हणजे तुम्ही आणि तुमची घाई. हे सुचलं तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश झाले होते. आज ते वाक्य आठवलं की कानशिलं गरम होतात.

मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात संगणक शिकवते. स्वारगेटच्या मागच्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, आजारी माणसाला घरी लागणाऱ्या वस्तू वापरायला देणारं एक केंद्र आहे. वॉकर, चाकांची खुर्ची, वर-खाली होणारा पलंग, ऑक्सिजनचं मशीन. सासूबाईंसाठी आम्ही तिथून पलंग आणला होता. त्या गेल्यावर तो परत द्यायला गेले तेव्हा तिथलं रजिस्टर पाहिलं आणि माझ्यातली शिक्षिका जागी झाली. तीन वेगवेगळी हस्ताक्षरं, खाडाखोड, कडेला बाण काढून लिहिलेले पत्ते. मी म्हटलं, मी तुम्हाला प्रोग्रॅम करून देते.

केंद्र चालवणारी माणसं मोजून दोन. एक सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि त्या शिस्तीचा अभिमान असलेले. दुसऱ्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. केंद्राची वेळ सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सात. मधले तीन तास सेक्रेटरी घरी जेवून झोपत आणि त्या वेळात त्यांचा फोनही बंद असे.

आता हत्यार कुठलं वापरायचं, म्हणजे प्रोग्रॅम कशात लिहायचा, हा प्रश्न. कॉलेजातल्या तरुण सहकाऱ्याने सांगितलं, “मॅडम, वेब ॲप करा, सगळं क्लाउडवर टाका.” केंद्रात इंटरनेट नव्हतं आणि सेक्रेटरी स्वतःच्या मोबाइलचं नेट कुणाला देण्यातले नव्हते. संगणक कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेला, जुनं विंडोज, मेमरी बेताची. मी आधी माझ्या तरुणपणीचं व्हिज्युअल बेसिक काढलं. एका संध्याकाळी फॉर्म तयार झाला, पण मराठी नाव टाकलं की त्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटे. मग पायथनमध्ये केलं. त्याची चालणारी फाईल पेनड्राइव्हवरून तिथे नेली तर तिथल्या अँटिव्हायरसने तिला चोर समजून कोंडून घातलं. तिसरी एक पद्धत पाहिली, ती एवढ्याशा नोंदवहीसाठी अख्खा ब्राउझर पोटात घेऊन चालते. त्या बिचाऱ्या संगणकाला ती उघडायलाच दीड मिनिट लागलं, तोवर बाईंनी रजिस्टरमध्ये दोन नोंदी करून टाकल्या आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

शेवटी सी शार्प घेतलं आणि कोऱ्या खिडकीवर बटणं ओढून ठेवायची ती जुनी साधी रीत. आजच्या मुलांना ती पाहून हसू येतं. पण तिला लागणारं सगळं त्या संगणकात आधीपासून होतं, प्रोग्रॅमची फाईल एकच, दोन सेकंदांत उघडणार, मराठी अक्षरं नीट दिसणार. निवड बरोबर होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. चूक हत्यारात नव्हती.

प्रोग्रॅम चालू झाल्यावर महिन्याभरात सेक्रेटरींची तक्रार आली. एकला कुलूप लावायच्या वेळी कुणीतरी दारात येतं, गयावया करतं, बाई विरघळतात, घाईघाईत वस्तू देतात आणि नोंद चुकते. “प्रोग्रॅमच बंद करा की हो एक ते चार,” ते म्हणाले, “म्हणजे कुणी विरघळायचा प्रश्नच नाही.” बाई म्हणाल्या, “आणि कुणाला खरंच नड असली तर?” सेक्रेटरी म्हणाले, “नड असलेला माणूस वेळेवर येतो.” आम्ही तिघंही हसलो. मीसुद्धा हसले, हे लिहायलाच हवं.

मी दोन ओळी टाकल्या. घड्याळ बघायचं, एक ते चारमध्ये असेल तर उघडायचं नाही आणि उघडा असेल तर एकला आपोआप मिटायचं. हे तासाचे आकडे एखाद्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवायला हवे होते, म्हणजे कुणालाही बदलता आले असते. वर्गात मी मुलांना हे दरवर्षी घसा फोडून सांगते. पण एक ते चार काय बदलणार आहे का कधी? पुण्यात वाढलेल्या माणसाला ती वेळ बदलेल असं वाटतच नाही. मी आकडे थेट कोडमध्ये गाडून टाकले आणि सगळी हुशारी त्या चौकटीतल्या वाक्यावर खर्च केली. सेक्रेटरींनी त्याचा फोटो काढून ओळखीच्या सगळ्यांना पाठवला. आठवडाभर मला शाबासकीचे निरोप येत होते.

पुढे त्या संगणकातली बटणाएवढी बॅटरी कमजोर झाली. वीज गेली की घड्याळ काही वर्षं मागे जाई आणि नोंदी उलट्यापालट्या होत. मी आणखी एक पहारा बसवला. शेवटच्या नोंदीपेक्षा घड्याळ मागे असेल तर प्रोग्रॅम उघडायचा नाही. बॅटरी नंतर बदलली, पहारा तसाच राहिला. त्यालाही एक चौकट होती आणि तिच्यातही माझी हुशारी होतीच.

आणि बाईंचा दोरा. बिघडलेल्या वस्तूच्या दांड्याला बाई लाल लोकरीचा दोरा बांधत. मी म्हटलं, “बाई, दोरे सुटतात, पडतात. आता प्रत्येक वस्तूला नंबर आहे. नंबर टाका, कॉम्प्युटर सांगेल कुठली चांगली, कुठली बिघडलेली.” बाईंनी माझ्यासमोर सगळे दोरे सोडले, गुंडाळले आणि पिशवीत ठेवले. रजिस्टरही त्याच आठवड्यात रद्दीत गेलं.

तो दिवस उन्हाळ्यातला होता. केंद्रातला प्रिंटर कागद गिळत होता म्हणून मी साडेबाराला आले होते. सेक्रेटरी वेळेवर निघून गेले. बाई माझ्यासाठी थांबल्या. बारा अठ्ठावन्नला एका वॉकरची परत आल्याची नोंद करून पावती काढून पाहिली. ती नीट निघाली. एक वाजला, प्रोग्रॅम आपला आपण मिटला, बाईंनी शटर अर्धं ओढलं.

एक वाजून चार मिनिटांनी एक माणूस वाकून शटरखालून आत आला. तिशीचा असेल, कंपनीचा निळा शर्ट, डोक्यावरचं हेल्मेट काढायचंही सुचलं नव्हतं. बाहेर मोटरसायकल चालू ठेवून त्याचा मित्र उभा होता.

“मॅडम, ऑक्सिजनचं मशीन मिळते म्हणाले इथं.”

बाई म्हणाल्या, “अहो, बसा आधी. कुणासाठी हवंय?”

“मायसाठी. आजच सकाळी दवाखान्यातून घरी आणली, वाघोलीला. डॉक्टर म्हणाले मशीन लावा. ज्याच्याकडून घेणार होतो तो आता म्हणते मशीन दिलं दुसऱ्याले. दोन ठिकाणी फिरून आलो.” तो बसला नाही. “छोटा सिलिंडर लावून ठेवला हाय. सव्वातीनपर्यंत पुरते म्हणाले.”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. स्वारगेटहून वाघोली, भर दुपारी, नगर रस्त्याची ती गर्दी. सव्वा तास धरावाच लागतो, वर मशीन लावायला पाव तास. पावणेदोनच्या आत त्याला इथून निघायला हवं होतं.

मागच्या खोलीत मशीनं तीन होती. तिन्ही एकाच बनावटीची, एकाच रंगाची, चाकांवरची. त्यातलं एक बिघडलेलं होतं. हे मशीन हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं. बिघडलेलं मशीनही तसंच घरघरतं, त्याच्या बाटलीतही तसेच बुडबुडे येतात, फक्त नळीतून जवळजवळ साधी हवाच येते. बघून किंवा ऐकून कळत नाही. ते तपासायचं मीटर सेक्रेटरींच्या घरी, अर्ध्या तासावर होतं. तीनपैकी कुठलं बिघडलेलं, हे फक्त प्रोग्रॅमला ठाऊक होतं.

मी प्रोग्रॅमवर दोनदा क्लिक केलं. चौकट आली.

तो माझ्या खांद्यामागे उभा होता. त्याने ती मोठ्याने वाचली, शाळेत धडा वाचतात तशी, एकेक शब्द. “आपली घाई आपल्यापाशी ठेवावी. चार वाजता दोघेही या.” मग म्हणाला, “दोघं म्हणजे कोण, मॅडम? माय तर येऊ शकत नाही.”

तो चेष्टा करत नव्हता, खरंच विचारत होता. मी ‘ठीक’ दाबलं. त्या बटणाला दुसरं काही नाव द्यायचं मला तेव्हा सुचलं नव्हतं.

“हे कोणी लिहून ठेवलं?”

“आहे एक जण,” मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सेक्रेटरींना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. नोंदींची फाईल थेट उघडावी तर तिला मीच कुलूप घातलेलं आणि ते उघडायचं साधन घरच्या संगणकावर, कर्वेनगरला. प्रोग्रॅमचा मूळ कोडही तिथेच. जाऊन-येऊन तास गेला असता. मी म्हटलं, “तिन्ही मशीनं घेऊन जाऊ दे त्यांना.”

“मोटरसायकलवर?” बाई म्हणाल्या. “आणि घरी नेऊन कुठलं चालतंय ते काय आईवर तपासून बघायचं?” मग अगदी सावकाश म्हणाल्या, “पूर्वी दोरा असायचा.”

मला राग आला. बाईंचा, सेक्रेटरींचा, त्या माणसाने आणखी दहा मिनिटं आधी का येऊ नये याचा. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला त्यांचाच राग आला, माझा स्वतःचा नंतर.

एक वाजून सतरा मिनिटं. मग डोक्यात आलं, प्रोग्रॅम घड्याळच बघतो ना, मग घड्याळच बदलू. विंडोजचं घड्याळ बदलायला पासवर्ड मागितला गेला. तो मीच घालून ठेवला होता, कुणी उगाच ढवळाढवळ करू नये म्हणून. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. मी घड्याळ बारा पन्नासला नेलं आणि प्रोग्रॅम उघडला.

दुसरी चौकट. ‘घड्याळ मागे फिरवले म्हणून गेलेली वेळ परत येत नाही. हुशारी अन्यत्र वापरावी.’

शेवटची नोंद बारा अठ्ठावन्नची होती. माझाच पहारा. यावेळी त्याने ते मोठ्याने वाचलं नाही. वाचलं मात्र, कारण मागे त्याचा श्वास थांबल्याचं मला ऐकू आलं. त्याचा फोन वाजला. बहीण असावी. तो म्हणाला, “मी आहो इथंच. करून राहिल्या मॅडम. सिलिंडरचा काटा कुठं आला?” ऐकून घेतलं आणि फोन खिशात टाकला.

“काटा किती आहे?” बाईंनी विचारलं.

“लालच्या जवळ.”

बारा अठ्ठावन्न आणि एक यांच्यामध्ये दोन मिनिटं उरतात. बारा एकोणसाठ करून बघावं. मी हिशेब लावत होते की प्रोग्रॅम उघडून, यादी काढून, पावती छापेपर्यंत एक वाजेल आणि तो पुन्हा मिटेल का. डोकं नुसतं मागेच धावत होतं. पंचवीस वर्षं मी मुलांना विचार कसा करायचा ते शिकवते आणि त्या खुर्चीत बसून मला एक सरळ गोष्ट दिसत नव्हती.

तो माझ्या मागून म्हणाला, “मॅडम, मागं कशाला नेऊन राहिले? पुढं न्या न. चार वाजता या म्हणते तर चार वाजवा.”

मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग घड्याळ चार वाजून पाच मिनिटांवर नेलं. प्रोग्रॅम दोन सेकंदांत उघडला.

नऊ नंबर बिघडलेला होता. चार आणि अकरा चांगले. बाई आत धावल्या, ज्यांचे गुडघे दुखतात अशा बाई धावल्या, आणि अकरा नंबर ढकलत घेऊन आल्या. मी नाव, पत्ता, फोन टाकला. पावती सरळ निघाली. मित्र मोटरसायकल चालवणार, हा मागे बसून मशीन दोघांच्या मध्ये घट्ट धरणार. बाईंनी पिशवीतून लोकरीचे ते लाल दोरे काढले, त्यातल्या दोघा-तिघांनी, नळीचं वेटोळं करून मशीनला बांधून दिलं. एक वाजून सदतीस मिनिटांनी ते गल्लीच्या टोकाला वळले.

मग आम्ही दोघी बसलो. दुसरं काय करणार. बाईंनी डबा उघडला, माझ्यासमोर अर्धी पोळी ठेवली, ती तशीच राहिली. दोन वाजले. अडीच वाजले. मी मनात रस्ता मोजत होते, आता पुलावर असतील, आता विमानतळाच्या फाट्याला, आता खराडीच्या सिग्नलला अडकले असतील. तीन वाजले तेव्हा मी उठून उभी राहिले, कारण बसवेना. बाई म्हणाल्या, “अगं, आपण होऊन फोन करू नकोस. त्याचे हात गुंतलेले असतील.”

तीन वाजून नऊ मिनिटांनी त्याचा फोन आला. आधी नुसती मशीनची घरघर ऐकू आली.

“लावलं, मॅडम. बोटाचा आकडा चढून राहिला. ब्याऐंशी होता, नव्वद झाला. सिलिंडर आत्ताच संपला, पाच मिनिटं झाली असतील.”

मी बाईंना मानेने होकार दिला आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. तो फोन ठेवणार, तेवढ्यात मी म्हटलं, “ऐका. ते वाक्य मी लिहिलं होतं. दोन्हीही. मगाशी मी खोटं बोलले.”

“ते कळलं होतं, मॅडम,” तो म्हणाला. “मी वाचून राहिलो होतो तर तुमचा चेहरा पडला होता ना, कॉम्प्युटरच्या काचेत दिसला.” मग घाईने म्हणाला, “मायकडे जातो,” आणि फोन ठेवला.

मी संगणकाचं घड्याळ पुन्हा बरोबर केलं. बरोबर चारला सेक्रेटरी आले, ताजेतवाने, केस विंचरलेले. प्रोग्रॅम उघडायला गेले तर दुसरी चौकट आली, कारण शेवटची नोंद चार वाजून सात मिनिटांची होती. त्यांनी ती वाचली आणि हसले. “हुशारी अन्यत्र वापरावी! काय लिहिता हो तुम्ही!” दाराशी दोन माणसं येऊन उभी होती, एक वॉकर परत द्यायला, एक खुर्ची न्यायला. सात मिनिटं काहीच करता येईना. तेवढ्या वेळात मी त्यांना सगळं सांगितलं.

ते ऐकत गेले तसं हसू ओसरलं, पण शिस्त सुटली नाही. प्रोग्रॅम उघडल्यावर त्यांनी नोंद पाहिली आणि म्हणाले, “झालं ते झालं. पण ही वेळ खोटी आहे. मशीन दीडच्या सुमारास गेलं ना? दुरुस्त करा.”

“वेळ खरीच आहे,” मी म्हटलं. “तुमच्या नियमाने आणि माझ्या प्रोग्रॅमने ते मशीन चार वाजून सात मिनिटांनीच गेलं असतं.”

“आणि सिलिंडर?”

“तीन वाजून चार मिनिटांनी संपला.”

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. खुर्चीवाल्याला बोलावून त्याची नोंद करायला लागले. बाई मागच्या खोलीत जाऊन नऊ नंबरच्या दांड्याला दोरा बांधून आल्या. मी त्याच आठवड्यात त्या दोन ओळी काढल्या, दोन्ही चौकटी काढल्या, वेळेचे आकडे वेगळ्या फाईलमध्ये ठेवले आणि ती कशी बदलायची ते बाईंना शिकवलं. अकरा नंबरची नोंद मात्र तशीच ठेवली आहे.

त्या दुपारच्या दुसऱ्याच दिवशी कॉलेजात जेवणाची सुट्टी झाली तेव्हा दोन वाजले होते. मी मुद्दाम सेक्रेटरींना फोन लावला. काही काम नव्हतं, नुसतं बघायचं होतं. दुसऱ्याच रिंगला त्यांनी उचलला, आवाजावरून झोपेतून उठलेले वाटले, आणि म्हणाले, “बोला, कुणाला काय हवंय?”